डाव्या गालाची शेल्फ लाइफ

आधी चहा घ्या. ऐकताना तुम्ही हसणार हे मला माहीत आहे, आणि हसताना चहा नाकात गेला तर मला बोल लावायचा नाही. मला बोल लावायला घरात माणसं पुष्कळ आहेत.

तर काय सांगू तुम्हाला! मी शुभांगी, इंदोरच्या एका नमकीन कारखान्यात क्वालिटी बघते. शेव, गाठी, मिक्स्चर, जे काही पाकिटात जातं ते आधी माझ्या नाकाखालून जातं. अक्षरशः नाकाखालून! पाकीट फोडायचं, नाक आत घालायचं आणि सांगायचं, माल ताजा की खवट. कारखान्यात मशीनसुद्धा आहे, पण मशीनचं आणि माझ्या नाकाचं जमलं नाही तर सगळे नाकाचं ऐकतात.

माझा एकच नियम. कोणताही माल टेस्ट केल्याशिवाय आत घ्यायचा नाही. समोरचा कितीही मोठा व्यापारी असो, कितीही गोड बोलो, पहले टेस्ट, फिर बात. या नियमानं मी भल्याभल्यांना दारातून परत पाठवलंय. आणि याच नियमानं माझं तोंड काळं केलं. काळं म्हणजे, रंग वेगळा होता. सांगते.

झालं काय, आमच्या सेठजींनी नवीन शेव बाजारात आणायची ठरवली. 'बिना रंग, बिना मिलावट' अशी. आता पाकिटावर फोटो कुणाचा टाकायचा? मार्केटिंगवाला मुलगा म्हणाला, मुंबईहून मॉडेल आणू. सेठजी भडकले.

"मॉडेल सेव खाती है क्या? उसको तो डाइटिंग करनी है! मेरे को घर की बहू चाहिए, घर की! जिसको देखके लगे, ये घटिया सेव घर में घुसने नहीं देगी."

आणि त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "अपनी शुभांगी मैडम!"

मी म्हटलं, "काय सेठजी, या वयात मला कशाला!" आपण असं म्हणतोच ना? पण खरं सांगू, मला गुदगुल्या झाल्या हो. विचार करा, इतकी वर्षं मी तोंडाला मास्क आणि डोक्याला जाळीची टोपी घालून काम करतेय. अर्धा कारखाना मला फक्त भुवयांवरून ओळखतो. आणि आता देपालपुरपासून सांवेरपर्यंत प्रत्येक किराणा दुकानात मी दोरीला लटकणार! जावेच्या माहेरच्या दुकानातसुद्धा! ही संधी हातची घालवायची नाही, चेहरा चमकलाच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं.

पण सेठजींनी एक अट घातली. "मेकअप नहीं. फोटो में बाद में कोई टच-अप भी नहीं. माल में रंग नहीं, तो मैडम पे भी रंग नहीं!"

घरी येऊन आरशात पाहिलं. तळणीच्या वाफेत एवढी वर्षं काढलेला चेहरा तो, कसा असणार? पोत गाठ्यांसारखा आणि तेज शिळ्या पापडासारखं. मी पुण्याला लेकीला, सईला फोन लावला.

"मम्मी, तुझी स्किन ऑक्सिडाइज होतेय," सई म्हणाली. "ऊन, धूळ, धूर, सगळं लागतं ना तुला. सकाळी अँटिऑक्सिडंट लावत जा."

मला हसूच फुटलं. "अगं, अँटिऑक्सिडंट तू मला शिकवतेस? मला? तेलाला हवा लागली, उजेड लागला, गरमी लागली की ते खवट होतं. होऊ नये म्हणून तेलात आम्ही तेच घालतो! ते हा मार स्वतः खातं आणि तेलाला वाचवतं."

"हां, बस! तसंच. तुझा चेहरा म्हणजे शेव समज."

जन्मदात्या आईला शेव म्हणते कार्टी! पण मुद्दा पटला.

तिनं पाठवलेली बाटली आली. अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची, झाकणालाच ड्रॉपर लावलेला. व्हिटॅमिन सी सीरम. किंमत सांगत नाही, सासूबाई आतल्या खोलीत आहेत. सईनं फोनवर बजावलं, "मम्मी, फ्रिजमध्ये ठेव हं. ऊन नको, गरमी तर अजिबात नको."

मी म्हटलं, "हो गं बाई, हो."

आणि दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन मी कारखान्यात गेले.

असं बघू नका माझ्याकडे! नियम म्हणजे नियम! टेस्ट न करता मी शेवेत हळद घालू देत नाही, तोंडाला हे काय लावीन? आमच्या लॅबमध्ये एक स्टीलचं कपाट आहे, आतून कायम गरम. नवीन माल त्यात थोडे दिवस ठेवला की दुकानात कित्येक महिने पडून राहिल्यावर त्याची काय गत होईल ते आधीच कळतं. त्या कपाटात जो टिकला तो देपालपुरच्या उन्हात टपरीवरसुद्धा टिकतो. मी शेवेच्या दोन पाकिटांच्या मध्ये ती बाटली ठेवली आणि निवांत कामाला लागले.

काही दिवसांनी काढली. झाकण उघडलं. नाक घातलं. खवटपणा? नावाला नाही. पास!

आता त्यात तेलाचा थेंब नव्हता, सगळं पाणीच होतं, ते खवट होणार कुठून, हा विचार माझ्या नाकाला सुचला नाही. रंग मात्र बदलला होता. आली तेव्हा पाण्यासारखी होती, आता केशर-दुधासारखी दिसत होती. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, वा, मुरलं! कैरीचं लोणचं मुरलं की रंग चढतोच ना? तसं हेही मुरलंय.

बरं, इथवर थांबले असते तरी ठीक होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आमच्याकडे कुठल्याही चाचणीत अर्ध्या मालात औषध घालतात आणि अर्धा तसाच ठेवतात. त्याला कंट्रोल म्हणतात. तो नसला तर फरक कशाशी ताडून बघणार? म्हणून मी रोज सकाळी सीरम फक्त डाव्या गालाला लावायला लागले. उजवा गाल कंट्रोल. डावा उजळला की मग उजव्याला लावायचं, शूटच्या आत दोन्ही बरोबर होतील, असा माझा हिशोब.

आणि कुणाला काही दिसणार कसं? सीरम लावून सुकलं की तोंडाला ओढणी गच्च बांधायची, कारण स्कूटर. कारखान्यात ओढणी सुटली की मास्क. संध्याकाळी पुन्हा ओढणी. घरी आमचे हे, म्हणजे विलास. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून काही बोलल्याला जमाना झाला. मी एकदा भुवया जास्त कोरून आले होते तर म्हणाले, "नवीन साडी का?" आणि मी स्वतः? आमच्या बाथरूममध्ये पिवळा बल्ब आणि तोंड धुताना डोळ्यांवर चष्मा नसतो. मला आपलं वाटायचं, तेज येतंय.

राहिल्या सासूबाई.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. आणि नवीन डोळ्यांनी त्यांनी घरात नुसता उच्छाद मांडला होता! पंख्यावरची धूळ, तांदळातला खडा, माझ्या कढईचा मागचा काळा भाग, सगळं त्यांना आपल्या जागेवरून दिसायचं. एका सकाळी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरताना त्या थांबल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"शुभा, तुझा डावा गाल पिवळा का गं?"

"कुठे आई? उजेड पडला असेल."

विलासनी मोबाइलमधून मान वर न काढता निकाल दिला. "आई, डॉक्टर म्हणाले होते ना, ऑपरेशननंतर रंग जरा वेगळे दिसतात म्हणून."

दोन-चार दिवस गेले. "शुभा, आता केशरी दिसतोय गं."

"आई, थेंब घातलेत का आज?"

"घातले."

"अजून एकदा घालूया."

मी स्वतःच्या हातानं त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले! वर त्यांना समजावलं, की मोबाइल कमी बघा, भजनाचे व्हिडिओ डोळ्यांवर ताण देतात. बिचाऱ्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग एक दिवस बघते तर ओट्याशी उभ्या राहून आधी एक डोळा झाकून माझ्याकडे बघतायत, मग दुसरा झाकून. दोन्हींनी तेच दिसत असणार. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "शुभा, माझं ऑपरेशन बिघडलं का गं? मला परत दिसेनासं होणार का?"

मला फार वाईट वाटलं हो. एरवी आमचा छत्तीसचा आकडा, पण त्या दिवशी मी त्यांना खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, काही नाही होणार, आपण डॉक्टरांना दाखवू. नेमकी शूटच्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. म्हटलं, बरंच झालं, सकाळी डोळे दाखवू, दुपारी फोटो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मशीनमधून बघितलं, तक्ता वाचायला लावला. सासूबाईंनी सगळ्यात खालची ओळसुद्धा खडखडीत वाचली.

"माताजी की आँखें तो एकदम बढ़िया हैं. तकलीफ़ क्या है?"

मी म्हटलं, "सर, इनको रंग गलत दिखता है. मेरा एक गाल नारंगी दिखता है."

"कौन सा?"

"डावा!" सासूबाई म्हणाल्या. "रोज जास्तच दिसतो!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. माझ्या तोंडाला ओढणी तशीच होती. "मैडम, ज़रा ये हटाइए."

मी ऐटीत हटवली. म्हटलं, बघा काय बघायचं ते, आणि समजवा आता माताजींना. दवाखान्यात ट्यूबलाइट कसली लखलखीत! डॉक्टरांनी माझा उजवा गाल पाहिला. डावा पाहिला. पुन्हा उजवा पाहिला. मग बोलावलेलं नसताना नर्ससुद्धा वाकून बघून गेली.

"मैडम," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माताजी को कुछ नहीं हुआ है. स्किन वाले डॉक्टर ऊपर के माले पे बैठते हैं."

भिंतीवर आरसा होता. चष्मा घालून मी त्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कानापासून नाकापर्यंत रेघ आखल्यासारखा अर्धा चेहरा केशरी! आमची रतलामी शेवसुद्धा इतकी रंगात नसते!

सासूबाई खुर्चीतून उठल्या. काठी न घेता उठल्या. "म्हणजे माझे डोळे बरोबर होते?"

"हो आई."

"आणि तू मला थेंबावर थेंब घालत होतीस?"

"हो आई."

रिक्षात त्या ताठ बसल्या होत्या, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. मधूनमधून माझ्याकडे बघायच्या आणि ओढणीच्या फटीतून काय दिसतं ते मला मोठ्यानं सांगायच्या. "आता कानापाशी जरा फिक्कं आहे." रिक्षावालाही आरशातून बघायला लागला.

घरी पोचताच सईला फोन. "सई, तुझ्या सीरमनं माझं तोंड रंगवलं!"

"काय? मम्मी, रंग कसा होता सीरमचा?"

"केशरी. मुरलेला."

"मुरलेला? मम्मी, ते खराब झालं! सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी होतं ना, तसं झालं. खराब झालेलं लावलं की त्वचेला डाग धरतो. फ्रिजमध्ये ठेवलं होतंस ना?"

मी म्हटलं, "तू जेवलीस का गं?"

"मम्मी? कुठे ठेवलं होतंस?"

"गरम कपाटात."

पलीकडून पुण्यातलं अख्खं ऑफिस हसल्याचा आवाज आला. कार्टीनं फोन स्पीकरवर टाकला होता!

आता शूटला थोडाच वेळ उरला होता. बेसन चोळलं, दही चोळलं, साखर घासली. विलासनी जन्मात पहिल्यांदा माझ्या गालाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीतला पक्का रंग असतो ना, तसा आहे. घासून काय होतंय? आपोआप उतरला तर उतरेल." मला इतका संताप आला म्हणून सांगू! नवरा बघत नाही म्हणून बायका रडतात, माझ्यावर त्यानं बघितल्यावर रडायची पाळी आली. आणि घासून घासून डावा गाल आता केशरी आणि वर लाल झाला होता.

काही झालं तरी जायचंच, मी ठरवलं. अशी संधी पुन्हा कुठली येतेय?

फोटोग्राफर चांगला होता बिचारा. मी त्याला बाजूला घेतलं. "भिया, मेरा सिर्फ राइट साइड का फोटो लो. वो साइड अच्छी है मेरी."

"हओ मैडम, टेंशन मत लो."

मी उजवा गाल कॅमेऱ्याकडे करून, हातात शेवेची वाटी घेऊन, अशी कुलीन वगैरे उभी राहिले. दहा-बारा फोटो झाले, सगळे एका गालाचे. मला हायसं वाटलं. तेवढ्यात सेठजी दारातून आत आले आणि मोठ्यानं ओरडले, "अरे मैडम, दीवार से बात कर रिये हो क्या? इधर देखो, इधर!"

सवयीनं मी वळले. मालकानं हाक मारली की माणूस वळतोच. वळताना ओशाळून हसू आलं आणि क्लिक!

"ये! ये वाला!" सेठजी उड्या मारायला लागले. "क्या नैचुरल हँसी है!"

फोटोग्राफरनं स्क्रीनवर फोटो मोठा केला, डोकं खाजवलं. "सेठजी, मैडम के गाल पे थोड़ा टच-अप..."

"नहीं बोला ना! टच-अप नहीं! लाइट का होगा."

आणि मी काय केलं? तोंड उघडून खरं सांगायचं की नाही? पण मग गरम कपाटाची गोष्ट सांगावी लागली असती. कारखान्याची क्वालिटीवाली, आणि स्वतःच्या तोंडावर खराब माल लावून आली, हे सेठजींना कुठल्या तोंडानं सांगायचं? मी म्हटलं, "हां, लाइट का ही होगा."

तरी माझ्या मनात एक आशा होती. पाकीट छापायच्या आधी त्याचा नमुना तपासायला माझ्याकडेच येतो. माझी सही झाल्याशिवाय छपाई होत नाही. तेव्हा काहीतरी कारण काढून उजव्या गालाचा फोटो टाकायला लावू, असा मी बेत केला.

नमुना आला. आता आमच्या ऑफिसच्या प्रिंटरची गंमत ऐका. रंगीत शाई संपली की सेठजी आणत नाहीत, म्हणतात काळ्यात काय वाईट आहे? नमुना निघाला काळा-पांढरा. मी फोटो पाहिला, आणि काय सांगू! काय सुंदर दिसत होते मी! डाव्या बाजूला अशी हलकीशी सावली पडली होती, जुन्या सिनेमातल्या नायिकेच्या तोंडावर पडते तशी. मी तो कागद दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मनात आलं, उगाच घाबरले, कॅमेऱ्यात तो डाग आलाच नाही. मग वजन तपासलं, घटक तपासले, एक अनुस्वार चुकला होता तोसुद्धा सुधारला. खाली झोकात सही केली: तपासले, ठीक आहे.

पाकिटं छापून आली. लॅबमध्ये खोकी फोडली, सगळे गोळा झाले. मी पहिलं पाकीट उचललं.

मी होते. हसत होते. अर्धी गव्हाळ आणि अर्धी केशरी! हातातली शेव आणि माझा डावा गाल, दोन्हींची छटा एक! आणि त्या गालाला टेकूनच, हिरव्या ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कोई कृत्रिम रंग नहीं'.

"हे पास कुणी केलं?" मी किंचाळले. सवय हो! कुठेही गडबड दिसली की हाच पहिला प्रश्न माझ्या तोंडातून निघतो.

मार्केटिंगवाल्या मुलानं तो काळा-पांढरा कागद माझ्यापुढे धरला. माझीच सही. झोकात.

सेठजी मात्र खूश होते. "मैडम, भोत बढ़िया! सेव से मैच हो रिया है. लोग समझेंगे असली बेसन खाने का असर है." पाकिटं परत छापायचा विषयसुद्धा त्यांनी काढू दिला नाही. माझा गाल तोवर हळूहळू मूळ रंगावर आला होता. पाकिटावरचा मात्र आता तसाच राहणार, देपालपुरपासून सांवेरपर्यंत, जावेच्या माहेरच्या दुकानासकट.

संध्याकाळी एक पाकीट घरी नेलं. म्हटलं, लपवून उपयोग नाही, सासूबाईंना आपणच दाखवावं. त्यांनी ते हातात घेतलं. लांब धरलं. जवळ आणलं. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाकिटाकडे बघितलं.

"शुभा," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "माझे थेंब आण गं जरा."